थिजलेले हात

मिहिर प्रधान मरोळच्या एका इंटरनेट कंपनीत होता. कुठल्या ग्राहकाला किती बँडविड्थची लाइन लागेल याचा अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं.

त्याच्या थोरल्या बहिणीला, इरावतीला, जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या संस्थेने जोगेश्वरीत व्हिडिओ कॉलचं केंद्र काढलं. पडद्यासमोर बसायचं आणि लांबच्या माणसांशी खुणांच्या भाषेत बोलायचं. लाइनचा अंदाज अर्थातच मिहिरकडे आला. त्याने आपल्या ऑफिसातल्या एका व्हिडिओ मीटिंगला किती डेटा जातो ते मोजलं, पडद्यांच्या संख्येने गुणलं, वर थोडी जागा ठेवली आणि मोकळा झाला.

उद्घाटनाला सगळे पडदे लागले आणि बघता बघता वाट लागली. बाळ राऊत नावाचे म्हातारे गृहस्थ नातीशी बोलत होते. पडद्यावर तिचा हात कपाळापाशी आला आणि तिथेच थिजला. पुढे काय, ते कळेना. ते काचेवर बोटाने टकटक करत राहिले.

इरावती तरातरा मिहिरकडे आली आणि भराभर हातवारे करू लागली. त्याने संस्थेच्या दुभाषी उत्तराताईंकडे पाहिलं.

"काय म्हणतेय ती?"

"तुमची सख्खी बहीण ना?" उत्तराताईंना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "ती विचारतेय, मोजलंस कुणाला?"

मिहिरचे कान तापले. ऑफिसातली माणसं पुतळ्यासारखी बसून बोलतात. चित्र हलत नाही, म्हणून डेटाही थोडाच जातो. इथे बोलणंच हातांचं, सगळ्यांचं एकाच वेळी. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ताई जन्मभर समोर होती. पण घरी ती चिठ्ठी लिहायची, तो मान डोलवायचा. ती अबोल आहे असंच त्याने धरलं होतं.

त्याने केंद्रात बसून नव्याने मोजमाप घेतलं. ताईच्या पडद्याचा डेटाचा आलेख खाली यायलाच तयार नव्हता. मुलुंडच्या मैत्रिणीशी ती पोट धरून हसत होती, आणि त्यातलं अक्षरही त्याला कळत नव्हतं.

मोठी लाइन आली, चित्रं सुरळीत चालू लागली. बाळकाका येऊन पाठ थोपटून गेले. त्यामुळे मिहिरला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

शनिवारी तो खुणांच्या भाषेच्या वर्गात जाऊन बसला. बाकी सगळे लहानग्यांचे आईबाप.

"तुमचं मूल केवढं?" शिक्षिकेने विचारलं.

"मूल नाही, बहीण," मिहिर म्हणाला. "चव्वेचाळीस वर्षांची."

आणि त्याने मान खाली घातली.