मूळचा क्वार्टरबॅक

“टीमची गरज आहे,” असं कुणी म्हटलं की तो उजवा खांदा चोळायला लागायचा. कुवेतमध्ये मीना अब्दुल्लातल्या आमच्या ऑफिसात हे वाक्य रोज कुणीतरी म्हणायचंच, त्यामुळे त्या खांद्याला उसंत नव्हती.

तो कॅनडाचा. तिथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, एकमेकांना आडवं पाडायचं. त्यात चेंडू फेकून चाल रचणारा तो क्वार्टरबॅक. कॉलेजात हा तोच होता. व्यावसायिक संघात गेल्यावर प्रशिक्षक म्हणाले, तू पळतोस छान, झेलायला जा. झेलण्यात हात बसला तेव्हा म्हणाले, वजन वाढव, चेंडू घेऊन गर्दीत घूस. तेही जमलं, तर आता दुसऱ्यांना वाट करून दे. तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं, तर सलामीच्या फलंदाजाला सातव्या नंबरवर ढकलायचं आणि मग हातात ग्लोव्हज देऊन स्टंपांमागे उभं करायचं. शेवटी संघाने त्याला सोडलं. कारण काय, तर “तुझी अशी एक जागा नाही.”

“जागा होती,” तो मला सांगायचा. “यांनीच हलवली.”

इथे तो कामगारांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचा. शुक्रवारी सकाळी रुमैथियातल्या एका मैदानावर काही हौशी लोक हाच खेळ खेळायचे. आडवं पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची, एवढाच फरक. तिथे तो पुन्हा क्वार्टरबॅक झाला. मी मुलीला घेऊन बघायला गेलो. त्याचा चेंडू हवेत असा गिरकी घेत जायचा की तिने फोन खाली ठेवला. “बाबा, ही इज सो गुड.”

मध्यंतरात कर्णधाराने एका नव्या तरुणाला पुढे आणलं आणि याला म्हणाला, “तू झेलायला जा. टीमची गरज आहे.”

त्याने चेंडू गवतावर ठेवला. “नाही,” म्हणाला, आणि सरळ आमच्या गाडीत येऊन बसला. त्याचा संघ हरला. बायकोने दिलेले पोहे मी पुढे केले, त्याने डबा उघडलाही नाही.

“बरं केलंस,” मी म्हणालो.

“तेव्हा म्हणायला हवं होतं. आज या पोरांना म्हणून काय मिळालं?”

थोड्याच दिवसांत कंपनीने त्याला प्रशिक्षणातून उचलून कामगारांच्या राहण्याच्या कॅम्पची व्यवस्था बघायला सांगितलं. तो मॅनेजरच्या केबिनमधून राजीनामा देऊनच बाहेर आला. मला बरं वाटलं आणि चीडही आली. त्याच्यासारखं शिकवणारा आम्हाला पुन्हा मिळाला नाही.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “एका कुटुंबाला एकत्र बसायचंय. तुमची खिडकीची सीट त्यांना दिली तर चालेल?”

मी डोळ्यांनी नको-नको म्हणत होतो. त्याने बाजूला तान्हं मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

“चालेल.”

मधल्या सीटचा पास घेऊन तो आत गेला. एवढा धिप्पाड माणूस तिथे कॅनडापर्यंत कसा मावला असेल, कुणास ठाऊक.