दुसऱ्यांसाठी वाळवलेलं लाकूड

श्रावणातली झड लागलेली. शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभा होतो, तेवढ्यात गावचा एक माणूस डोक्यावर घोंगडी घेऊन दाराशी आला. "मास्तर, चाला. आबाजी गेले," म्हणाला. पोरांचे पाढे चालूच होते. मी छत्री घेतली आणि निघालो. अमरावतीहून आमचं गाव चार कोस. काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. ज्या माणसाने निम्म्या परगण्याला गाड्या करून दिल्या, त्याच्या नातवाला त्याच्या मातीला चालत जावं लागत होतं, कारण आमच्या घरी गाडीच नव्हती. का नव्हती, तेच सांगायला बसलो आहे.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, चाकाचे कारागीर. त्यांची रीत ठरलेली होती. बाभळीचा ओंडा एक पावसाळा नाल्याच्या चिखलात गाडायचा, मग वर्षभर सपरीत, अंगणातल्या छपराच्या खोलीत, सावलीला वाळवायचा. वाळला का, हे ते जिभेने पाहत. वाकसाने एक ढलपी काढायची, जिभेवर ठेवायची. तुरट लागली की थुंकून ओंडा पुन्हा सावलीला. ज्याला गाडी हवी त्याने सपरीत येऊन एका ओंड्यावर नारळ ठेवायचा. नारळ ठेवला की ते लाकूड त्याचं. मग साक्षात देव जरी मागायला आला असता, तरी आबाजींनी त्याला पुढच्या वर्षी यायला सांगितलं असतं. घरातल्यांना या रिवाजाचं मोठं कौतुक होतं. मलाही होतं.

मग कुठेतरी साता समुद्रांपलीकडे लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला. आगगाडीचे रूळ अजून आमच्याकडे यायचे होते, त्यामुळे सगळा माल बैलगाड्यांवरून अकोल्याकडे जाई आणि जो तो गाडी मागत सुटला. बाकीचे सुतार आज तोडलेल्या झाडाचं उद्या चाक करत. आबाजी मात्र हटले नाहीत. सपरीतल्या एकूण एक ओंड्यावर कुणाचा ना कुणाचा नारळ होता.

अशात गणपतकाकाने, आबाजींच्या धाकट्या मुलाने, गाडी मागितली. नवं लग्न झालेलं, अंगात रग. त्याला भाड्याने कापूस वाहायचा होता. आबाजी म्हणाले, थांब. काका कसला थांबतो! एकदा जेवताना हसत म्हणाला, "बाबा, मीबी नारळ ठेवला मंग देसान काय?"

"घरच्याचा नारळ घेत असते काय कोनी?" आबाजीही हसले. आम्ही सगळेच हसलो. चुलीपाशी बसलेली काकीसुद्धा.

शेवटी त्यांनी काकाला गाडी दिली, पण चाकं केली नुकत्याच चिखलातून काढलेल्या लाकडाची. वाळलेलं होतं, पण ते लोकांचं होतं. परक्याला दिलेला शब्द मोडवत नव्हता, आणि मुलाला काय, घरचाच तो, सांभाळून घेईल... मला वाटतं, एवढाच हिशेब त्यांनी केला असेल. सुताराच्या घरी पाट मोडका असतो, खाट कुरकुरते, तसंच हे.

वैशाखात लाकूड आकसलं. चाकावरची लोखंडी धाव सैल झाली, आरे खिळखिळे झाले. गावाबाहेरच्याच नाल्याच्या उतारावर कापसाच्या गाठींनी भरलेली गाडी एका अंगाला बसली, आणि काका तिच्याखाली सापडून जागीच गेला. माझे वडील तिथे होते. ते सांगतात, आबाजी धावत आले, मुलाकडे पाहिलं, मग खाली वाकून मोडलेल्या आऱ्याची एक ढलपी उचलली आणि जिभेवर ठेवली. थुंकली नाही, गिळली.

त्या दिवसापासून काकी त्यांच्याशी बोलली नाही. माहेरी गेली नाही, भांडली नाही. वेळेवर ताट वाढायची, आंघोळीला पाणी ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. पुढे ती दूरची लढाई संपली, भाव कोसळला, चांदीच्या शेंब्या सोनाराकडे मोडीत गेल्या. नंतर तरी आबाजींनी रिवाज बदलला असेल, असं कुणाला वाटेल. नाही बदलला. उलट घरासाठी म्हणून लाकडाला हातच लावेनात. मला त्यांचा फार राग यायचा, आजही थोडा येतो.

ते गेले त्याच्या महिनाभर आधी, आखाडात भेटलो, ते शेवटचंच. खाटेवर पडून होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "तुह्या काकीनं काही म्हटलं काय रे माह्याबद्दल?"

"नाही, आबाजी."

"शिवी देल्ली तरी चालंल. पन बोललं पाह्यजे तिनं..." आणि भिंतीकडे तोंड केलं. मी काकीकडे जाऊन काही बोलावं, असं मनात आलं. पण गेलो नाही.

मी गावी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आबाजी अजून अंगणातल्या मांडवाखालीच होते. माझ्यासाठी थांबले असतील असं वाटलं. थांबले होते लाकडासाठी. आठ दिवसांच्या झडीने गावभरचं सरपण भिजलं होतं. भिजलेलंच न्यावं, वरून तेल ओतावं, असं माणसं बोलत होती. काकी आतून आली. सरळ सपरीकडे गेली आणि तिने दार उघडलं. आत बाभळीचे दोन वाळलेले ओंडे होते.

"हे फोडा अन् घेऊन जा," ती म्हणाली.

शेजारचा एकजण चाचरला. "पन वहिनी, याच्यावर तं पाटलाचा नारळ हाये."

काकीने नारळ उचलून बाजूला ठेवला. "पाटलाले मी सांगीन. मामाजीले ओलं लाकूड नाही लावाचं. या घरच्या एका मानसाले तरी वाळलेलं भेटू द्या."

'मामाजी' हा शब्द त्या वैशाखानंतर मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ज्यांनी ऐकायचा ते अंगणात निजले होते, आणि मला रडू आवरेना.