फाट्यावरची सही

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमच्या कचेरीत खुर्च्या कमी आणि तक्ते जास्त होते. त्यात दुष्काळ पडला आणि टँकरचा तक्ता बनवायचं काम माझ्याकडे आलं. साहेब प्रशिक्षणात शिकून आले होते, की माणूस आधी ठरवतो आणि मग करतो; म्हणून ठरलेलं सगळं सकाळीच ड्रायव्हरच्या हातात लिहून द्यायचं. गाव, वेळ, विहीर, सरपंचाची सही. मला ते मनापासून पटलं. आमच्या बौद्ध वस्त्यांनी दुसऱ्यांच्या मर्जीवर फार दिवस काढले होते. लेखी असलं की कुणाची मर्जी चालत नाही, असं मला वाटायचं. मूर्ख होतो.

शिरूर अनंतपाळकडच्या एका गावाला जाणारा ड्रायव्हर म्हणाला, "ह्ये घेऊन काय करू, भाऊसाहेब? म्या फाट्यावर बघतो अन् थांबतो."

"आता बघायचं नाही. लिहिलंय तसं करायचं," मी त्याला झापलं. तो कामचुकार आहे, असंच मी धरून चाललो होतो.

पंधरा दिवसांनी त्याच गावच्या वस्तीत मावशीकडे गेलो. रांजण कोरडा होता. वस्तीतल्या बाया फाट्यावर रिकाम्या घागरी मांडत, ड्रायव्हर त्या आधी भरून देई आणि उरलेलं पाणी गावच्या विहिरीत सोडी, हे मला तिच्याकडून कळलं. त्यानं कधी काही ठरवलं नव्हतं. घागरी दिसल्या की पाय ब्रेकवर जायचा. आता तो सरळ विहिरीवर जायचा, कारण सही तिथं मिळायची. आणि विहिरीवर आमच्या बायांचा नंबर सगळ्यांच्या मागून, पाणी संपल्यावर.

"कुण्या मुडद्यानं काढला ह्यो कागद?" मावशीनं विचारलं.

"साहेबानं," मी म्हणालो.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वस्तीचा एक रकाना वाढवा." मला त्यांचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त. रकाना मी वाढवला नाही, सहीची जागाच बदलली. सही फाट्यावर, घागरी भरल्यावर, वस्तीतल्या बाईची. साहेबांनी न वाचताच मंजूर केलं.

पुढच्या खेपेला मावशीच्या अंगठ्याला शाई होती. रांजणातलं पाणी तांब्यात भरून देत ती म्हणाली, "बदली झाली म्हण की त्या मुडद्याची. लई बरं झालं."

"हाव," म्हणालो आणि तांब्या तोंडाला लावला.