पंकजच्या ड्रायसूटचं माप

राग धरून धरून माणूस किती वर्षं धरील? साधारण माणूस दोन दिवाळ्या धरतो, मग कुणाच्या तरी लग्नात एका पंगतीला बसतो आणि विसरून जातो. अर्पिता तशातली नव्हे. तिनं पंकजवरचा राग बारा वर्षं सांभाळला, आणि तोही त्याच्याच आईचे ब्लाऊज शिवत शिवत.

भीमपूरच्या पुढं, पैनगंगेच्या अल्याडच्या एका गावात तिचं शिलाईचं दुकान आहे. दुकान कसलं, बुद्धविहाराच्या बाजूच्या घराला लागून टिनाचं छप्पर टाकलेली खोली. एक मशीन, एक टेबल, एक फॅन. नवऱ्यानं हिला सोडलं की हिनं नवऱ्याला, यावर गावात दोन मतं आहेत. ती माहेरी आली आणि मशीनवर बसली ती बसलीच. हात असा की तामसीहून बाया बस धरून येतात. पण जिभेचं विचारू नका. माप घेताना एखादी पोट आत ओढू लागली की ही टेप खाली ठेवते आणि म्हणते, पोट घरी ठेवून ये, मग घेऊ माप. बाया तोंडाला पदर लावून हसतात, शिव्याही देतात, आणि पुढच्या सणाला परत तिच्याकडंच येतात.

आता रागाचं ऐका. तिचा धाकटा भाऊ हर्षदीप हिवाळ्यातल्या एका सकाळी नदीवरची मोटर चालू करायला गेला आणि घसरून डोहात पडला. पाय पाइपाच्या दोरात अडकला. पाणी फार खोल नव्हतं, दीड पुरुष असेल. अर्धा गाव काठावर जमला, त्यात मोठ्या जमिनीचे मालक उद्धवराव होते आणि त्यांचा पोरगा पंकज होता. पंकज म्हणजे त्या वेळी पाण्यातलं पोर. कुणाची बादली विहिरीत पडो, कुणाच्या बैलाची घंटा डोहात जावो, हा सदरा काढून उडी टाकायचा आणि वस्तू घेऊनच वर यायचा. त्या दिवशी तो सदऱ्यानिशी उभा राहिला. पानी लय गार हाय, म्हणाला. अर्पितानं त्याच्या पाया पडून पाहिलं, बाह्या धरून ओढून पाहिलं. पलीकडच्या काठावरून भोई येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बाप दौलत त्या धक्क्यानं खचला आणि लवकरच गेला. आई ताराबाई मात्र उभी राहिली. पोरगं तरी काय करीन बिचारं, पानीच तसं होतं, असं ती आल्यागेल्याला सांगायची. पंकज सुट्टीवर गावी आला की त्याला हाक मारून चहा पाजायची. ते पाहून अर्पिताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दौलतनं त्याच साली उद्धवरावांकडची सालदारी सोडून बटईनं जमीन धरली होती, स्वतःची मोटर लावली होती, आणि ती मोटर उद्धवरावांच्या डोळ्यांत सलत होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. अर्पिताला फार काही नको होतं. पंकजनं स्वतःच्या तोंडानं, ताराबाईच्या पुढ्यात खरं काय ते सांगावं, एवढंच. त्यासाठी ती वाट पाहत बसली होती.

आणि औंदा मे महिन्यात गडी स्वतःच्या पायानं चालत आला. बगलेत एक गाठोडं, हातात मोबाईल, तोंडभर हसू.

पंकज आता मोठा माणूस झाला होता. अंदमानात टुरिस्ट लोकांना समुद्रात उतरायला शिकवायचा, आणि आता त्याला नॉर्वेत काम लागलं होतं. तिथं बर्फाळ पाण्याच्या तळाशी बुडालेली जहाजं आहेत, पाठीवर दोन-दोन सिलिंडर बांधून तिथवर लोकांना न्यायचं. त्या पाण्याला ड्रायसूट लागतो. आत थेंब येत नाही, माणूस कोरडाच्या कोरडा राहतो. तयार सूट त्याला होईना. तिकडची मापं लांब टांगांच्या लोकांची, आणि हा खांद्यात रुंद, पायात आखूड. म्हणून मापानं शिवून घ्यायचा. आत घालायचा जाड सूट कंपनीनं आधीच पाठवला होता, तो अंगात घालून त्यावरून माप द्यायचं, आणि माप दुसऱ्यानं घ्यायचं, असं त्यांचं सांगणं. लक्ष्मीबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, त्याला सांगितलं की अर्पिताचं माप कधी चुकत नाही, तिच्याकडं जा.

त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. ना शरम, ना आठवण. अर्पितानं ते हसू पाहिलं आणि दातावर दात धरले. मेल्यानं विसरूनसुद्धा टाकलं. एवढी तरी लाज वाटून दुसऱ्या टेलरकडं जायचं होतं.

बसा पंकजभाऊ, म्हणाली. बाजूला रुपावहिनी आपल्या ब्लाऊजसाठी खोळंबून बसली होती, तिला म्हणाली, तुमचं मागून करते.

पडद्यामागं जाऊन तो आतला सूट घालून आला. मानेपासून घोट्यापर्यंत रजई पांघरल्यासारखा दिसत होता. आदिलाबादचा मे महिना, दुपारचं ऊन, डोक्यावर टिन. तो लगेच फॅनखाली जाऊन उभा राहिला. अर्पितानं गळ्यापर्यंत चेन ओढून दिली, आणि टेप हलते म्हणून फॅन बंद केला.

माप देता देता त्याचं तोंड चालूच होतं. गळ्याला रबर घ्यावं की सिलिकॉन? रबर टिकतं, पण फाटलं तर तिथंच बसा. सिलिकॉन हातानं बदलता येतं. ते ढिलं झालं तर बर्फाचं पाणी आत, घट्ट झालं तर मानेची नस दबून चक्कर. बूट जोडलेले घ्यावे की नुसते मोजे? मग त्यानं हात डोक्यामागं नेऊन दाखवला. पाठीवरच्या सिलिंडरच्या चाव्या इथं असतात, म्हणाला, पाठीचं माप दोन बोटं आखूड पडलं तर हात पोचत नाही, आणि हात नाही पोचला तर माणूस वर येत नाही.

अर्पिता टेप धरून थांबली. दोन बोटं. दोन बोटं म्हणजे तिच्या हातात काय, काहीच नाही. लिहिताना एक आकडा इकडचा तिकडं केला की झालं, आणि शिवणार तिकडचे, दोष जाणार तिकडच्यांवर. तिनं तो विचार नीट, चवीनं केला. मग टाकून दिला. दया आली म्हणून नव्हे. हा तिकडं परक्या पाण्यात मरेल आणि शेवटच्या श्वासापर्यंत याला कळणार नाही की काऊन मेलो. ज्याचं कारण वैऱ्याला ठाऊक नाही असला बदला घेऊन काय चुलीत घालायचा? तिनं पाठीचं माप बरोबर लिहिलं.

तेवढ्यात त्यानं तिलाच विचारलं, चेन मागून घेऊ की पुढून.

“मागची चेन लावायले दुसरा मानूस लागते,” अर्पिता म्हणाली. “दुसऱ्यावर भरवसा असन, तर मागची घ्या.”

तो हसला. पुढचीच बरी, म्हणाला. त्याला टोचलंच नाही. तेव्हा मात्र अर्पितानं ठरवलं की आता हे माप लवकर संपत नाही.

तिनं खांदा मोजला. परत मोजला. मांडी मोजली, आणि टेप सरकली म्हणून पुन्हा. हात वर करा, खाली करा, वाका, उभे राहा, पायात अंतर ठेवा, आता परत वाका. पंकजच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. रुपावहिनी पेपरानं वारा घेत घेत म्हणाली, बाई, मले इथं बसवत नाई, त्याचा तर जीव चालला. अर्पितानं ऐकलंच नाही असं केलं. पंकजनं माठाकडं पाहून पाणी मागितलं. माप व्हऊ द्या, ती म्हणाली. आणि गळ्याला टेप लावून, हनुवटी वर करायला सांगून, आरामात आकडा वाचत बसली. खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग त्याचा घाम थांबला. तोंड आधी लाल होतं ते पांढरं पडलं. तो काहीतरी अर्धवट बोलला, गुडघ्यात वाकला आणि टेबलाला धरत धरत जमिनीवर आडवा झाला. चेन ओढायला गेला तर ती कापडात अडकली. बोटं गळ्याशी नुसती चाचपडत राहिली.

रुपावहिनी ओरडली, कोनी या वो, मेला हा. आणि अर्पिता उभी राहिली. हाताची घडी घालून, भिंतीला टेकून, नुसती पाहत. समोर माठ, टेबलावर कात्री, आणि ही हलेना. डोहाच्या काठावर तो उभा होता तेव्हा असाच दिसत होता, हे तिच्या ध्यानात आलं, आणि अंगावर पाल पडावी तसं झालं. या माणसाचं वाट्टेल ते वाईट व्हावं असं तिला बारा वर्षं वाटत आलं होतं, पण आपण हा माणूस व्हावं असं कधी वाटलं नव्हतं.

तिनं कात्री उचलली, गळ्यापासून पोटापर्यंत तो महागाचा सूट फराफरा कापला, दोन्ही हातांनी उलगडला, फॅन लावला आणि माठ आणून आख्खाच्या आख्खा त्याच्या अंगावर उपडा केला. त्यानं मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

“पाह्यलं, पंकज?” अर्पिता म्हणाली. नावापुढचं ‘भाऊ’ आता गळून पडलं होतं. “मानूस वाचवायले एवढाच वेळ लागते. एवढाच.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. आता त्याला आठवलं होतं. म्हणजे तो विसरलाच नव्हता. चेहऱ्यावरचं ते हसू नुसतं वरून शिवलेलं होतं, आतून सगळं जागच्या जागी होतं.

ओरडणं ऐकून आतल्या खोलीतून ताराबाई धावत आली. आग लागो या उन्हाले, म्हणत ती तशीच परत गेली आणि कांदा ठेचून घेऊन आली. त्याच्या पायाशी बसली, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तळव्याला कांद्याचा रस चोळू लागली. दुसऱ्या हातानं पदरानं त्याचं तोंड पुसत होती. लेकरा, ऊन लागलं तुले, पडून राह्य, उठू नोको, असं चाललं होतं तिचं.

अर्पिता म्हणाली, आई, पंकजले तुले काई सांगायचं हाय. सांगितल्याशिवाय माप भेटत नाई त्याले.

पंकज पडल्या पडल्या टिनाकडं पाहत राहिला. उठून जायचं त्याच्यात त्राण नव्हतं, आणि पाय ताराबाईच्या मांडीवर होता.

“मावशी,” तो म्हणाला, “त्या दिशी पानी गार नव्हतं. मी उतरतच होतो. बाबानं माहा हात धरला. दौलतच्या पोरासाठी नाई, म्हने.” मग म्हणाला, “हलका धरला होता. सोडवला असता, तर सुटला असता.”

ताराबाईचा हात थांबला. रुपावहिनीनं जमिनीकडं पाहिलं. अर्पिताला वाटलं होतं आई रडेल, शिव्याशाप देईल, त्याचा पाय मांडीवरून लोटून देईल. ताराबाईनं तो पाय दोन्ही हातांनी उचलून हळू खाली ठेवला. घरी जा बेटा, म्हणाली, सावलीसावलीनं जा. मग मोरीवर जाऊन हात धुतले. परत धुतले. कांद्याचा वास काही जाईना.

पंकज कापलेला सूट बगलेत मारून गेला. अर्पितानं सगळी मापं, एकूण एक बरोबर, त्याच्या मोबाईलवर पाठवून दिली. बोलल्याप्रमाणे वागली. रुपावहिनीच्या तोंडून संध्याकाळपर्यंत ते साऱ्या गावात झालं, आणि उद्धवराव पारावर आले नाहीत. अर्पितानं बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ताराबाई मात्र जेवली नाही. दारात बसून होती. अर्पिता तिच्याजवळ जाऊन बसली, म्हणाली, आई, झालं ना आता, निघालं ना खरं त्याच्या तोंडून, मग तू अशी काऊन?

“तुले भेटलं बाई, जे पायजे होतं ते,” ताराबाई म्हणाली. “मी समजत होती, माह्या पोराले पान्यानं नेलं. पान्यावर काय राग धरतं मानूस. झोप लागत होती मले. आता मानसायनं हातानं सोडलेलं पोरगं घेऊन जगा लागन.”