सहा माणसे जमेपर्यंत

बाकावर तीन माणसे होती आणि मला सहा हवी होती.

साडेदहा वाजले होते. बुधवार हा आमच्या आरोग्य केंद्रातला कोविड लसीकरणाचा वार. तिसऱ्या डोसकडे लोकांनी पाठ फिरवली होती. वर्षभरापूर्वी ज्या दाराशी पहाटेपासून रांग लागे, तिथे आता पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

लशीची एक कुपी, आमच्या बोलण्यात व्हायल, दहा जणांची असते. तिच्या रबरी बुचातून एकदा सुई गेली की चार तासांत ती संपवायची. उरलेले औषध टाकून द्यायचे. या टाकलेल्या डोसांना आम्ही वेस्टेज म्हणतो, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये प्रत्येक केंद्राचे वेस्टेज मोठ्याने वाचले जाते. सलग दोन मीटिंगमध्ये आमचे केंद्र सर्वांत वाईट ठरले. मग मी नियम केला: सहा माणसे जमल्याशिवाय व्हायल उघडायची नाही. हा नियम सरकारचा नव्हता, माझा होता. पुढच्या मीटिंगमध्ये आमच्या वरिष्ठ साहेबांनी माझे कौतुक केले. ते मला आवडले, हेही सांगायला हवे.

"मॅडम, तिघेच आहेत," शैला सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी या म्हणून सांगू?"

दोघांचे काही अडणार नव्हते. एक निवृत्त शिक्षक आणि एक दुकानदार, दोघेही धडधाकट. तिसरी रंजना. वय चाळिशीच्या आत, तोंडावर दोन मास्क, एकावर एक. सोबत तिची आई भामाबाई; त्यांची स्वतःची तिसऱ्या डोसची मुदत अजून भरायची होती. दोघी सायखेड्याहून आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी भामाबाईंनी आपली एक किडनी लेकीला दिली होती.

दुसऱ्याचा अवयव शरीराला परका वाटतो. ते त्याच्यावर चालून जाते. म्हणून किडनी बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. अशा पेंगुळलेल्या शरीरावर लशीचे दोन डोस जेमतेम ओरखडा उमटवतात. तिसरा डोस ही त्याच्यासाठी चैन नसते. तिच्या किडनीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'लवकरात लवकर' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"सहा जण झाले की लगेच देते," मी म्हणाले. "थोडं थांबाल का?"

"मागल्या बुधवारी बी थांबलो व्हतो," भामाबाई म्हणाल्या. "दीड वाजता सिस्टर बोलल्या, माणसं नाय जमली, जावा घरी. गावातल्या दवाखान्यात बी तेच. आता कुठं माणसं धरून आणू? सायखेड्याच्या बाजारातून?"

रंजना हळूच म्हणाली, "आई, गप ना."

मागच्या बुधवारी मी ट्रेनिंगला होते. माझ्या नियमाने माझ्या गैरहजेरीतही चोख काम केले होते.

मी टेबलाच्या खणातून यादी काढली. डायलिसिस, केमोथेरपी, अवयव बदललेले, मोठ्या मात्रेत स्टेरॉइड घेणारे: प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांची ही यादी मी दोन महिने खपून केली होती. पत्त्यांनुसार लावलेली, सुबक अक्षरात. व्हायलमध्ये डोस उरले की जवळच्यांना फोन करायचे, असा बेत होता. मी फोन लावू लागले.

पहिला फोन एका सुनेने उचलला. "आज बुधवार ना मॅडम. बाबा मशीनवर असतात."

दुसरा नुसताच वाजत राहिला. तिसऱ्याची बायको म्हणाली, "बुधवारी कसं जमेल? सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. तुम्हीच तर वही घेऊन सगळं लिहून नेलं होतं."

लिहून नेले होते. घर, वय, आजार, मागच्या डोसची तारीख. वार लिहिला नव्हता. रक्त गाळायच्या मशीनला दिवसाआड चार-चार तास जोडली जाणारी माणसे, आणि मी त्यांची यादी गल्ल्यांप्रमाणे लावली होती.

बाहेर ओपीडीची रांग वाढत चालली. त्या आठवड्यात घरोघरी ताप होता. स्पिरिटच्या वासात ओलसर कपड्यांचा आणि तापलेल्या अंगांचा वास मिसळला होता. रंजनाला व्हरांड्याच्या टोकाला बसवले, पण केसपेपरची खिडकी तिथून दहाच पावलांवर. कुणी खोकले की तिचे खांदे आत ओढले जात आणि ती श्वास धरून ठेवी. मी फोन कानाला लावून तिचे श्वास मोजत होते. तिचे रक्षण करण्यासाठी मी तिला शहरातल्या सर्वांत वाईट जागी बसवून ठेवले होते.

पावणेबारा झाले. यादीतले कुणीच येऊ शकत नव्हते. माणसे तीनच.

भामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता.

"बाई, तुमची लस वाया जाईल म्हून तुम्ही थांबवलं. बरोबर हाय. पण माझी किडनी हाय तिच्यात. ती वाया गेली तर दुसरी कुठनं देऊ? माझ्यापाशी बी एकच राहिलीया."

शैला सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "उघडा."

"तिघांवर?"

"एकटी असती तरी."

त्यांनी बर्फाच्या पेटीतून, कॅरिअरमधून, व्हायल काढली. काचेवर दव धरले होते. लेबलावर वेळ लिहिली: बारा वाजून पाच मिनिटे. रंजनाने बाही वर केली आणि डोळे मिटले. सुई आत गेली तेव्हा भामाबाईंच्याच तोंडून 'स्स' निघाले.

"तुला टोचलं का मला?" त्या लेकीला म्हणाल्या. रंजना मास्कच्या आत हसली असावी. डोळे बारीक झाले.

उरले सात डोस आणि चार तास. मी साहेबांना फोन केला.

"तिघांवर व्हायल? मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"सात डोस डायलिसिस सेंटरवर नेते, साहेब. दुपारची शिफ्ट दोनला लागते. माणसं आधीपासून येऊन बसतात."

"उघडलेली व्हायल घेऊन शहरभर फिरणार?"

"शहरभर नाही. तीन किलोमीटर. फिरत्या पथकाची परवानगी आहे."

"आणि वाया गेले तर?"

"तर माझ्या नावावर लिहा."

"लेखी द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सेंटरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. मशीनवर रक्त पातळ करणारे औषध देतात, म्हणून टोचायचे ते शिफ्टच्या आधी, असे त्यांनी बजावले. म्हणजे चार तासांतले माझ्या हाती दोनच उरले. शैला सिस्टरांना सोबत घेतले आणि रिक्षात कॅरिअर मांडीवर घेऊन बसले. बर्फाचा गारवा साडीतून गुडघ्यांपर्यंत झिरपत होता.

सेंटरबाहेर नऊ जण डबा आणि चादर घेऊन बसले होते. प्रत्येकाची पोर्टलवर नोंद करायची, तर एकाचा ओटीपी मुलाच्या फोनवर, आणि मुलगा अंबडच्या कंपनीत, फोन गेटवर जमा; त्याची नोंद तेवढ्यापुरती वहीत केली. तिघांचा दुसऱ्या डोसनंतरचा सहा महिन्यांचा अवधी पुरा झालेला नव्हता. एकाने सरळ नकार दिला. शैला सिस्टर एका आजोबांचा डावा हात धरायला गेल्या तसे ते ओरडले, "त्याला हात लावू नका! त्या हातावर माझं मशीन चालतं!" डायलिसिसची सुई ज्या हातात जाते, तो हात ही माणसे जिवापाड जपतात. टोचायला नेहमी डावाच दंड पकडायची आमची सवय. त्यानंतर आम्ही प्रत्येकाला आधी हात विचारला.

दोनला पाच मिनिटे कमी असताना पाचवा दंड टोचून झाला. आजोबांच्या बायकोने न विचारताच पदर सावरला. "माझा डोस बी बाकी हाय. मला काय झालं तर यांना हितं आणणार कोण?" ती सहावी.

शेवटचा डोस चार वाजून पाच मिनिटांपर्यंत कुणी घेतला नाही. तो मी टाकून दिला. अर्धा मिलिलिटर, नीट पाहिल्याशिवाय दिसतही नाही.

रंजनाच्या शरीराला ती लस कितपत उमगली, हे कळायला आमच्याकडे मार्ग नव्हता. हिवाळ्यात तिला कोविड झाला. भामाबाईंचा फोन आला. "दवाखान्यात नाय न्यावं लागलं," त्या म्हणाल्या. "पाच दिवस ताप. किडनीचे रिपोर्ट डॉक्टर चांगले म्हणतात." लशीमुळे की नशिबाने, मी सांगू शकत नाही, डॉक्टरने तसे सांगूही नये.

सहाचा नियम मी त्याच संध्याकाळी मोडीत काढला. यादीत प्रत्येक नावापुढे वार लिहिला. आणि वेस्टेजच्या रजिस्टरमध्ये पट्टी धरून एक जादा रकाना आखला: परत पाठवलेली माणसे. पहिली नोंद मागच्या तारखेने केली, रंजनाची.

साहेबांनी पुढच्या भेटीत रजिस्टर उघडले आणि विचारले, "हा रकाना कुठल्या फॉर्मात भरायचा?"

"कुठल्याच नाही, साहेब," मी म्हणाले. "यापुढे तो रिकामा ठेवायचा आहे."