काळ्या पट्ट्या नकोत म्हणून

माझ्या भावाला टीव्हीवर काळ्या पट्ट्या चालत नाहीत. एवढ्याशा कारणापायी आमच्या आईला वेडी ठरवायची पाळी आली होती. आता त्याला बरेच महिने झाले, तरी आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं लहानपण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. बाबा केंद्र सरकारात नोकरीला होते. शेजारच्या सरदारजी काकांनी कुठूनसा व्हिडिओ कॅमेरा आणला होता आणि त्यांना भारी हौस. दादाची मुंज, आमचे गणपती, माझा वाढदिवस, सगळं त्यांनी शूट केलं आणि कॅसेटी आम्हाला देऊन टाकल्या. बाबांचं हलतं-बोलतं म्हणून जे काही शिल्लक आहे ते तेवढंच. बाबा म्हणजे नुसती उंच काडी. शर्ट अंगात घातलेला नसून खांद्यावर वाळत टाकलाय असं वाटायचं. "ह्यांना रांधून घालता घालता माझे हात मोडले, पण अंगाला म्हणून लागेल तर शपथ," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

रिटायर झाल्यावर त्यांनी फरीदाबादला फ्लॅट घेतला. चार वर्षांपूर्वी बाबा गेले, आणि तेव्हापासून आई तिथं एकटी राहते. एकटी म्हणजे बिचारी वगैरे अजिबात नाही. भाजीवाल्याशी तिचं रोजचं भांडण असतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती सेक्रेटरीला घाम फोडते, आणि संध्याकाळी खालच्या बाकावर तिचा दरबार भरतो. "मला इथून हलवायचं नाही," हे तिनं आम्हा दोघांना तेव्हाच बजावलं होतं.

आईच्या पंचाहत्तरीला सरप्राइज म्हणून दादानं त्या कॅसेटी एका दुकानात देऊन पेन ड्राइव्हवर करून घेतल्या. इथपर्यंत चांगलंच. दुकानदारानं बापड्यानं आधी सांगितलं होतं की, सर, जुनं चित्र चौकोनी असतं, तुमचा टीव्ही लांब, तर "साइड में काली पट्टी आएगी." ह्यावर आमचे बंधुराज म्हणाले, एवढा मोठा टीव्ही काय दोन्हीकडे अंधार बघायला घेतलाय? फुल स्क्रीन करा. दुकानदार म्हणाला, मग वरून-खालून कापावं लागेल, लोकांची डोकी जातील, नाहीतर ताणावं लागेल. दादा म्हणाला, ताणा. हे सगळं त्यानं मला नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तेही कौतुकानं.

पंचाहत्तरी गुडगावला, दादाच्या घरी झाली. केक कापला, दादानं दिवे घालवले आणि भिंतभर टीव्हीवर मुंज सुरू झाली. आम्ही सगळे "अय्या, हे बघ, ते बघ" करत होतो. आईनं चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला.

"हा जाडजूड माणूस कोण गं?" ती म्हणाली. "आणि आपल्या होमापुढे काय करतोय?"

सगळे खो खो हसले. दादा म्हणाला, "अगं आई, बाबा आहेत!"

"छे! काहीतरीच काय. हे नव्हेत."

"आई, नीट बघ. बाबाच आहेत."

आईनं परत बघितलं. मग तिनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. नंतर पूर्ण संध्याकाळ तिनं टीव्हीकडे बघितलं नाही. स्वयंपाकघरात वहिनीनं मला बाजूला घेतलं. "मी कधीपासून बघतेय हं. परवा फोनवर मला तेच तेच दोनदा विचारलं. सुरुवात अशीच होते."

अच्छा! म्हणजे ह्यांनी निकाल आधीच लावून ठेवला होता, फक्त पुरावा मिळायचा होता.

त्यानंतर आई जे करेल ते लक्षण. चहात साखर कमी पडली, लक्षण. दुपारी फोन उचलला नाही, लक्षण. अरे, झोपली असेल बाई! पण नाही. दादानं डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, आणि त्या पाठोपाठ फरीदाबादचा फ्लॅट बंद करून आईला गुडगावला न्यायचंही ठरवून टाकलं. "गॅस चालू ठेवून विसरली तर?" मी फोनवर त्याच्याशी कडाकडा भांडले. तिला सोसायटीतल्या प्रत्येक पोराचा वर्ग आठवतो, तुझ्या सासरचे मानपान आठवतात, तिला काय धाड भरलीये? तर तो म्हणाला, "छोड ना यार. स्वतःच्या नवऱ्याला ओळखलं नाही तिनं. आणखी काय व्हायला हवं?"

माझा नुसता जळफळाट झाला. आईला फोन केला की ती हं, बरं, ठीक आहे, एवढंच बोलायची. भाजीवाल्याबद्दलसुद्धा अवाक्षर नाही. एकदा मात्र तिनं विचारलं, "तिकडे गेले तर माझे देव नेता येतील ना?"

त्या रविवारी मुनिरकाला माझ्या घरी मी पंचाहत्तरीच्या रात्री दादाकडून आणलेला तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. आई बाबांना ओळखायला कुठे चुकली, ते मला बघायचं होतं. मुंजीत आई मातृभोजनाला बसली होती, दादा तिच्या मांडीजवळ. आणि मला तिचं कुंकू दिसलं. आई कुंकू लावायची ते बोटानं आधी मेण लावून, त्यावर पिंजर, आणि मग कडा पदराच्या टोकानं पुसून. ते इतकं गोल असायचं की माझ्या शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुम्हारी मम्मी ये किससे बनाती हैं? इथं ते कुंकू आडवं, लांबोडकं पसरलं होतं. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. तेही अंड्यासारखं. ताटं अंडाकृती, लाडू चपटे, बटूचं डोकं भोपळ्याएवढं. आणि होमापुढे बाबा, काडीसारखे माझे बाबा, कुठल्याशा मिठाईवाल्या शेठसारखे ऐसपैस बसलेले.

डोक्यात अशी सणक गेली! लगेच दादाला फोन लावला.

"तू चित्र ताणलंयस, मूर्खा! आई बरोबर बोलत होती!"

"जुन्या व्हिडिओची क्वालिटी तशीच असते यार. एवढं काय त्यात?"

"कॅसेटी कुठायत?"

"कबाडीवाल्याला दिल्या. प्लेयर कुणाकडे आहे आता?"

मी फोन ठेवला. आणखी एक वाक्य बोलले असते तर त्या वर्षी भाऊबीज झाली नसती.

मग बसले दुरुस्त करायला. मला त्यातलं डोंबल काही कळत नव्हतं. इंटरनेटवर वाचून एवढं समजलं की जुन्या चित्राची रुंदी-उंची चारास तीन असते, नव्या टीव्हीची सोळास नऊ, आणि चारास तीनला ओढून सोळास नऊ केलं की माणसं फुगतात. नशीब एवढंच की काहीही कापलेलं नव्हतं, सगळं आत होतं, नुसतं पसरलेलं. एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि पहिल्या फटक्यात काय आकडा टाकला देव जाणे, आमची चांगली भरलेली आत्यासुद्धा उदबत्तीसारखी झाली. तेवढं एकदाच मी हसले. मग चारास तीन केलं. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून हातातली बांगडी काढली आणि पडद्यावरच्या घड्याळावर धरली. गोलाला गोल मिळाला. एकेक फाइल करून सगळ्या तशाच करून घेतल्या. दर फाइलला बाबा बारीक होत होते आणि माझा राग वाढत होता.

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मी फरीदाबादला गेले. दादा-वहिनी आधीच येऊन बसले होते, आईला समजावायला. आईनं पोहे केले होते. दादानं एक घास खाऊन वहिनीकडे बघितलं, मीठ बरोबर आहे का असं. मी सरळ दुरुस्त केलेला पेन ड्राइव्ह आईच्या टीव्हीला लावला.

दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे मुंज. होमापुढे बाबा, उघडे, बरगड्या दिसतायत, जानवं खांद्यावरून घसरतंय आणि ते सारखं वर करतायत.

आईचा हात तोंडावर गेला.

"हे," ती म्हणाली. "अगं, हे बघ. हे!"

मी तिला सगळं सांगितलं, ताणलेलं चित्र, घड्याळ, कुंकू. वाटलं, रडेल. पण ती ताडकन उठली, आत गेली आणि उशीखालून बाबांचा पासपोर्ट साइज फोटो घेऊन आली.

"त्या दिवसापासून रोज हा फोटो बघते आणि डोळे मिटून हे कसे दिसायचे ते आठवून बघते," ती म्हणाली. "नाक आठवतं, डोळे आठवतात. तरी वाटायचं, तुम्ही सगळे म्हणताय तर माझंच चुकत असेल. जन्म काढला ज्या माणसाबरोबर त्याचा चेहरा मी विसरत चालले, ह्या भीतीनं मेले रे मी."

दादा चाचरत म्हणाला, "सॉरी आई. टेक्निकल प्रॉब्लेम होता."

"खड्ड्यात गेलं तुझं टेक्निकल! तू तो जाडा माणूस किती दिवस बघत होतास? दुकानात बघितलास, घरी बघितलास, लोकांना दाखवलास. बाप होता ना तुझा? आपला बाप असा नव्हता, एवढंही तुला वाटलं नाही?"

मग ती माझ्याकडे वळली.

"आणि तू? तूही तिथंच बसली होतीस ना, केक खात?"

दादाशी भांडायला म्हणून जे जे ठरवून आले होते, ते सगळं आता मलाच लागू होत होतं.

"भरल्या घरात मला एकटीला ह्यांचा चेहरा आठवत होता," आई म्हणाली, "आणि डॉक्टरकडे न्यायला निघालात मला."