काळ्या पडद्यावरची मावशी

रहाटणीत कंपनीच्या बसगाड्या जिथे थांबतात, त्या थांब्यासमोर माझ्या मावशीचं दुकान होतं. एक शटर, दोन मशिनी, कडा मारायचं एक ओव्हरलॉक आणि भिंतीभर खिळे; प्रत्येक खिळ्यावर कुणाचा तरी युनिफॉर्म. नवं ती काही शिवत नसे. चाकण-महाळुंग्याच्या कंपन्या कामगारांना युनिफॉर्म देतात ते स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत, आणि माणसं काही त्या तीन मापांत जन्माला येत नाहीत. मावशी ते उसवून ज्याच्या त्याच्या अंगाचे करून देई. बसमधून उतरायचं, पिशवी तिच्या टेबलावर टाकायची, दुसऱ्या दिवशी उतरताना उचलायची. अर्ध्या गिऱ्हाइकांना तिचं नाव माहीत नव्हतं. फोन नंबरची गरज कधी पडलीच नव्हती.

मग रस्ता रुंद होणार म्हणून शटरवर लाल फुली आली. दोन महिन्यांत जागा सोडायची होती. दुसरी खोली मिळाली ती मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. रस्त्यावरून तिची खिडकी दिसत नव्हती आणि खाली पाटी लावायला जागा नव्हती. मावशी एकदाच म्हणाली, "पोरं उतरतील, फुली बघतील अन् म्हणतील, गेली बाई गावाकडं, परभणीला."

तिने येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, "मागच्या गल्लीत जायलाव बरं का, दुसरा मजला." ते मान डोलवत. मी एक दिवस शेजारी बसून पाहिलं, तर सगळ्यांच्या कानात इयरफोन होते. ते गाण्यावर मान डोलवत होते.

पेजची कल्पना मावशीच्या मुलाची. तो महाळुंग्याच्या एका कंपनीत ऑपरेटर आहे, मी त्याला दादा म्हणते. "पेज काढू," तो म्हणाला. "फॉलोअर जमले की नव्या जागेचा पत्ता एका मिनिटात सगळ्यांकडे जाईल." आणि ते चालवायचं माझ्याकडे आलं, कारण घरात लिहिणारी मी.

लिहिणारी म्हणजे काय, तेही सांगते. माझे वडील कारखान्यात होते आणि युनियनमध्ये होते. बाराखडी मी शाळेत शिकले असेन, पण वाचायला शिकले ते आमच्या पलंगाखालच्या गुलाबी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. आठव्या वर्षी मला पत्रकाची चौघडी घालता येत होती. मथळा वर राहिला पाहिजे आणि कागद शर्टाच्या खिशात बसला पाहिजे. पप्पांचे नियम पाठ होते. खोटं लिहायचं नाही. हातभर अंतरावरून मथळा वाचता आला पाहिजे. आणि खाली आपलं नाव छापायचं, कारण बिननावाचं पत्रक म्हणजे अफवा.

तेव्हा मावशीच्या पेजवर माझी पहिली पोस्ट अशी होती: "कामगार बंधू-भगिनींनो! आणखी किती दिवस दुसऱ्याच्या मापात जगणार?"

मावशीने चष्मा लावून ती दोनदा वाचली. "हे दुकानाचं हाय का मोर्चाचं?"

"दोन्हीचं."

"माय, मला पँटी छोट्या करायच्यात. सरकार न्हाई पाडायचं."

मी ऐकलं नाही. रोज सकाळी सात वाजता एक पोस्ट. उद्गारचिन्हं मी मिठासारखी वापरत होते. फॉलोअर झाले ते आमचे नातेवाईक, पप्पांचे तीन जुने सहकारी आणि नाशिकचा एक पडदे विकणारा. दादाच्या ओळखीतला एकजण म्हणाला की पाच हजार फॉलोअर विकत मिळतात, संध्याकाळपर्यंत पेज भरून जाईल. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, भाड्याची गर्दी आणून सभा घेणाऱ्यांवर आयुष्यभर पत्रकं काढली पप्पांनी, आणि आपण तेच करायचं? दादा म्हणाला, "अगं, रिकाम्या हॉटेलात कोण जेवायला जातं? थोडी माणसं दिसू देत की." आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मावशीने कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "त्या पाच हजारात युनिफॉर्म घालणारे किती हायत?" तो विषय तिथे संपला.

एक महिना गेला. खिळ्यांवरचे कपडे कमी व्हायला लागले होते. कपडे घेऊन गेलेली माणसं परत येत नव्हती, कारण फुली सगळ्यांना दिसत होती. एका रविवारी पप्पांनी माझ्या पोस्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. भाषेबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

"टाकतेस किती वाजता?"

"सकाळी सातला."

"म्हणजे आत जाणाऱ्याला देतेस होय!" ते हसायलाच लागले. "आत जाणाऱ्याच्या हातात डबा असतो, डोक्यात पंचिंगची वेळ. पत्रक घेतलं तरी गेटवर टाकून देतो. बाहेर येणाऱ्याला द्यायचं. तो मोकळा असतो. आणि पहिल्याने घेतलं की मागचे मागून घेतात."

मी पलंगाखालचा एवढा कागद वाचून मोठी झाले आणि ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती. पहिली शिफ्ट तीनच्या सुमाराला सुटते. बसगाड्या चारला तळवड्याच्या चौकात अडकलेल्या असतात, आत माणसं बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातात फोन. दादा मोटारसायकलवरून गर्दीतून वाट काढत त्यांच्या आधी घरी पोचतो. ठरलं की दादाने बसमधल्या पोरांच्या ग्रुपवर लिंक टाकायची, चार वाजता मावशीने दादाच्या फोनवरून लाइव्ह यायचं, गिऱ्हाइकाशी बोलते तसं बोलायचं आणि शेवटी नवा पत्ता सांगायचा.

त्या दिवशी मी पुनावळ्याला होते. तिथे एका क्लासमध्ये मी मराठी शिकवते. दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत फोन उघडला, तर लाइव्ह सुरू झालेलं आणि पडदा काळाकुट्ट. नुसता मावशीचा आवाज येत होता.

मला एका क्षणात कळलं. दादाच्या कंपनीत सकाळी आत जाताना सिक्युरिटीवाला फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो, पुढे एक, मागे एक, म्हणजे आतले फोटो काढता येत नाहीत. दादाने स्टिकर काढलंच नव्हतं. लाइव्हची लाल टिकली दिसली, तेवढी बघून फोन बॉबिनच्या डब्याला टेकवून तो आंघोळीला गेला होता.

मी मावशीला तिच्या फोनवर कॉल केला. माझ्याच हातातल्या काळ्या पडद्यातून मला तिची रिंग ऐकू आली आणि मग ती म्हणाली, "ह्या पोरीला कळत न्हाई का, मी लाइव्ह हाय ते. आता उचलत न्हाई." परत केला. "कंबरेच्या मापाचं सांगायलाव तर ही मधीच. मास्तरीण हाय, पण दम न्हाई."

खाली कुणीतरी हसण्याची चित्रं पाठवली. बघणाऱ्यांचा आकडा नऊ होता. मी डोकं धरून बसले. मग ती पुढे बोलायला लागली.

तिच्या हातात कुणाचा तरी शर्ट असावा. कात्रीचा, धागा तुटल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "आता हा बघा. डावं कोपर विरलंय, उजवं नवंकोरं. हा माणूस डाव्या कोपरावर टेकून दिवसभर खाली बघतोय. तपासणीला असणार. बाबा, तुझी मान दुखत असंल. मी कोपराला आतून ठिगळ लावते, पण तू टेकायची बाजू बदलत जा." दुसरा कपडा उचलल्याचा आवाज. "ह्याच्या पोटावर बारीक बारीक भोकं. ठिणग्या. वेल्डिंगवाला हाय अन् ॲप्रन आखूड पडतोय, मंजी उंच हाय. लांब ॲप्रन मागून घे रे. लाजायचं न्हाई." मग तिसरा कपडा. "अन् ही बाईमाणसाची पँट हाय. गुडघे गेलेत दोन्ही. खाली बसून काम करायलीय अन् कंपनीनं पाट सुद्धा दिला न्हाई. मी दुहेरी कापड घालायलाव गं. त्याचं काय घेणार न्हाई मी."

आकडा तीस झाला. मग सत्तर. मी स्टाफरूमच्या खुर्चीतच बसून राहिले. मी लहानपणापासून त्या दुकानात जात होते. लोक तिला कपडे आणून देतात आणि ती शिवते, एवढंच मी पाहिलं होतं. खिळ्यांवरच्या त्या निळ्या-करड्या कपड्यांत ती रोज माणसांची दुखणी वाचत होती, आणि मी त्याच माणसांसाठी दुकानाच्या पायरीवर बसून उद्गारचिन्हं जुळवत होते. कुणीतरी लिहिलं: "मावशी उजवा खिसा सारखा फाटतो." दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, "मापाचं लोखंडी गेज ठेवत असशील त्यात." तिसरा: "गप रे, ऐकू दे." तिला यातलं काहीच दिसत नव्हतं. ती अंधारात बोलत होती आणि तळवड्याच्या चौकात अडकलेली माणसं कान देऊन ऐकत होती.

शेवटी पत्ता सांगायचा ती विसरली.

संध्याकाळी मी दादाला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वतः रजा काढून गेले, स्टिकर खरवडून काढलं, काचेवरचा गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसला. माझं म्हणणं होतं की माणूस दिसला पाहिजे. पत्रकाखाली नाव हवं. मावशी जरीकाठाची साडी नेसून आली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "नमस्कार मंडळी. आमच्या दुकानी आपलं सहर्ष स्वागत हाय." पुढे तिला काही सुचेना. समोर स्वतःचंच तोंड दिसत होतं, ती केस सारखे करत राहिली. आकडा घसरत गेला. खाली कुणीतरी लिहिलं, "मावशी, स्टिकर लावा की राव."

मी ते तिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दादाने पाकिटातून कंपनीचं एक जादाचं स्टिकर काढलं, आणि यावेळी ते मी लावलं. मनात म्हटलं, आवाजाखाली वेगळं नाव छापायची गरज नसते.

त्यानंतर रोज चार वाजता काळा पडदा. क्लासची वेळ बदलून घेऊन मी शेजारी बसून लोकांचे प्रश्न वाचायचे, ती उत्तरं द्यायची, मधूनच मला टोमणे, शेवटी नवा पत्ता. फॉलोअर किती झाले ते मी बघायचे, ती कधीच विचारायची नाही. तिचा प्रश्न एकच होता: "ऐकणारे जिना चढतील का गं?"

ऐकायला काही लागत नाही. बसून ऐकता येतं. थकलेल्या माणसाला दोन जिने चढायला लावणं वेगळं.

जागा बदलली त्या दिवशी सकाळपासून कुणी आलं नाही. नव्या खोलीत खिळे ठोकून झाले होते आणि सगळे रिकामे होते. मावशीने मशिनीला दोनदा तेल दिलं. जेवली नाही. चारला मी फोन बॉबिनच्या डब्याला टेकवला.

"हातात आज कुणाचंच काही न्हाई," ती म्हणाली. "मनून नव्या जागेचं सांगते. थांब्यावर उतरलात की फुलीच्या दुकानापास्नं डाव्या हाताला गल्ली. दळणाची गिरणी लागंल. तिच्या वरचा जिना. पहिल्या वळणावर कुत्रं झोपलेलं असतंय, त्याला ओलांडून या, चावत न्हाई. मग अजून एक जिना. दार उघडं हाय."

ती पुढे बोलत राहिली. धाग्यांचं, सुयांचं, गावाकडच्या टेलरचं. अर्धा तास झाला असेल. मग जिन्यात बूट वाजले. सेफ्टी शूजचा आवाज वेगळा असतो, जड आणि ठोक.

दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात पिशवी, कानात इयरफोन. मावशी बोलत होती, आणि तिचं वाक्य संपल्यावर काही क्षणांनी तेच वाक्य त्याच्या कानातून बारीक, पत्र्यासारखं ऐकू आलं. तो आधी तिच्या तोंडाकडे बघत होता, मग फोनकडे, परत तिच्याकडे. एवढे दिवस कानात बोलणारी आणि कपडे शिवणारी एकच, याची खात्री करून घेत असावा. त्याने एक इयरफोन काढून हातात धरला.

मावशीने त्याच्या शर्टाच्या पोटाकडे पाहिलं.

"मागितलास का लांब ॲप्रन?"

त्याने मान हलवली. "दिला मावशी."

खाली जिन्यात आणखी बूट वाजत होते. मावशीने टेप गळ्यात टाकला आणि त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत म्हणाली, "मग दारात कशाला उभा ऱ्हायलास, भावा? आत सरक. मागच्यांना येऊ दे."